बँडमध्ये बेस नाही, बॅरिटोन चालेल का?

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता एक ओळ लिहिली होती, की तिघाचौघांच्या बँडला बॅरिटोन गिटार फार शोभते. तेवढ्या ओळीवर खानापूर, निपाणी, चिकोडी, टिळकवाडी असे सगळीकडून मेसेज आलेत, त्यामुळं या वेळी पूर्ण पान त्याच विषयाला देतोय, बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी घेतो, राग मानू नका.

ज्यांनी ही गिटार बघितलीच नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. दिसायला साधी गिटारच, सहा तारा, फक्त दांडा लांब. नटपासून (दांड्याच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (खाली तारा जिथं टेकतात तो भाग) तारेची जी लांबी असते तिला स्केल म्हणतात, नेहमीच्या इलेक्ट्रिक गिटारला ती २४.७५ नाहीतर २५.५ इंच असते, बॅरिटोनला २७ पासून ३० इंचांपर्यंत. तारा पण जाड. सगळ्यात खालची तार ई च्या ऐवजी बी वर लावायची, तिथून वर ई, ए, डी, एफ शार्प, बी. आपल्या भाषेत सांगायचं तर मध्य सा वरून मंद्र पंचमावर उतरावं तितकी अख्खी गिटार खाली उतरते. काहीजण अजून एक सूर खाली, ए वर लावतात. बोटं तीच, कॉर्डचे आकार तेच, ई चा आकार धरला की बी वाजतो एवढंच. अमेरिकेत डॅनइलेक्ट्रो कंपनीनं १९५० च्या दशकाच्या शेवटी इलेक्ट्रिक बॅरिटोन बाजारात आणली होती, म्हणजे वाद्य तसं जुनं आहे, आपल्याकडं उशिरा पोचतंय.

प्रश्न : दादा, आम्ही तिघं आहोत. मी गातो आणि गिटार वाजवतो, एकजण पेटीवर असतो, तिसरा काहोन (ज्यावर बसून हातानं वाजवतात तो लाकडी खोका) आणि ढोलकी दोन्ही सांभाळतो. मराठी भावगीतं, कन्नड वचनं (शरण संतांची पदं), थोडी हिंदी असा कार्यक्रम असतो. बेसवाला होता तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि आता दुसरा मिळेना झालाय. त्याच्याशिवाय सगळं पोकळ वाटतंय. मी बॅरिटोन घ्यायचं बघूलोय पण मित्र म्हणतोय ती धड बेस नाही आणि धड गिटार नाही, पैसे पाण्यात जातील. काय करू सांगा की ओ. (एक वाचक, खानापूर)

उत्तर : मित्राचं पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसरं नाही. बेसची खालची ई वाजते ४१ हर्ट्झवर, साध्या गिटारची खालची ई ८२ वर, आणि बॅरिटोनची बी बरोबर या दोघींच्या मध्ये, ६२ च्या जवळ. म्हणजे बेसच्या ए तारेवर दुसऱ्या फ्रेटला (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) जो सूर मिळतो तो तुम्हाला खुल्या तारेवर मिळतो. बेसचे अगदी तळातले सहासात सूर सोडले तर बाकी सगळं तुमच्या अंगठ्याखाली आहे, आणि वरच्या तीन तारा कॉर्डला मोकळ्या राहतात. तिघांच्या बँडला याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे? घ्या, अगदी बिनधास्त घ्या. पण वाजवायची पद्धत बदलायची तयारी ठेवा, कारण साध्या गिटारसारखं सहाच्या सहा तारांवर खसाखसा स्ट्रमिंग केलंत तर पहिल्याच गाण्यात सगळा चिखल होईल आणि मग मित्राचं म्हणणं खरं ठरेल.

चिखल का होतो ते सांगतो, हे एकदा कळलं की अर्धं काम झालं. खर्जात दोन सूर जवळ जवळ आले की कानाला ते वेगळे कळत नाहीत, नुसता घुमारा होतो. सा आणि प खाली चालतात, त्यांच्यात अंतर आहे. गंधार मात्र खाली चालत नाही. आता तुमचे नेहमीचे आकार बघा, तारा मोजताना सगळ्यात बारीक ती पहिली, सगळ्यात जाड ती सहावी. ई च्या आकारात खालच्या तीन तारांवर सा, प, सा येतात आणि गंधार तिसऱ्या तारेवर, म्हणजे वर, येतो, म्हणून तो आकार बॅरिटोनवर फार सुंदर वाजतो. जी च्या आकारात मात्र पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला गंधार बसलाय, अगदी खाली, आणि तोच घाण करतो. तिथलं बोट उचला, सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट धरणारं जे बोट आहे त्याचंच टोक पाचव्या तारेला हलकं टेकवून ती मुकी करा. एवढ्या एका बदलानं कॉर्ड उघडते, आजच साध्या गिटारवर पण करून बघा, तिथं पण फरक कळेल.

मग वाजवायचं कसं? अंगठा खालच्या तीन तारांवर बेसचं काम करणार, तीन बोटं वरच्या तीन तारांवर. केरवा असेल तर पहिल्या मात्रेला सा, पाचव्या मात्रेला प, मधल्या मात्रांना वरच्या तारा अगदी हलक्या. पहिला आठवडा नुसता अंगठा वाजवा, बोटं अजिबात नकोत, आणि काहोनवाल्याला सांगा की तुझा खालचा ठोका आणि माझा अंगठा एकत्र पडला पाहिजे. ते जुळलं की पोकळी गेलीच म्हणून समजा. ए चा आकार विशेष करून वापरा, त्यात सा पाचव्या तारेवर येतो आणि सहावी खुली तार म्हणजे त्याच्याखालचा खर्जातला पंचम, तो तंबोऱ्यासारखा मध्ये मध्ये सोडला की वचनाला जी बैठक मिळते ती ऐकून मला आजही बरं वाटतं.

पेटीचं पण बघायला पाहिजे. आपल्या बेळगावचा कान पेटीवर वाढलेला, पंडित रामभाऊ विजापुरेंसारखा माणूस इथं बसून पिढ्या घडवून गेला, त्यामुळं पेटीवाल्याला गप्प बस म्हणायची माझी हिंमत नाही आणि इच्छा तर अजिबात नाही. फक्त त्याच्या पेटीला खर्जाच्या सुरांचा वेगळा स्टॉप असेल तर बॅरिटोन वाजत असताना तो बंद ठेवायला सांगा, म्हणजे पेटी मध्यात आणि वर गाईल, खाली तुम्ही. आणि गिटार मोबाईलवर लावू नका, पेटीवर लावा. पेटीचे सूर ठरलेले, जुन्या पेट्या ४४० ला (मोबाईलचा ट्यूनर ए साठी जो आकडा धरतो त्याला) असतीलच असं नाही, त्यामुळं पेटीवरची पांढरी सात (सप्तकातली सातवी पांढरी पट्टी) दाबून त्याला तुमची बी मिळवा आणि मग बाकीच्या तारा.

प्रश्न : मी गाते, माझी पट्टी काळी चार आहे. आमचा गिटारवाला म्हणतो काळी चार म्हणजे जी शार्प, सगळे बार कॉर्ड (एका बोटानं सगळ्या तारा आडव्या दाबायच्या) येतात, हात दुखतो, म्हणून मला पांढरी पाच किंवा पांढरी सहावर गायला लावतो. पाचवर गाताना खालचे सूर बसतात, सहावर तार षड्जाच्या पुढं ताण येतो. आता तो बॅरिटोन घेणार म्हणतोय. त्यानं माझा प्रश्न सुटेल का? (एक गायिका, टिळकवाडी)

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट. पट्टी बदलू नका. वाद्य गळ्यासाठी असतं आणि गाणाऱ्यानं गिटारवाल्याच्या सोयीनं सा बदलायचा हे मला कधीच पटलेलं नाही. खरं सांगायचं तर तुमचा प्रश्न साध्या गिटारवर पण सुटतो, पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून जी चा आकार धरला की काळी चार, एक पण बार कॉर्ड न घेता. त्याला कॅपो घ्यायला लावा, फार खर्चाची वस्तू नाही.

पण बॅरिटोननं जे होईल ते वेगळं आहे, आणि ते मला तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं वाटतं. साध्या गिटारवर कॅपो लावलेला तो जी चा आकार वाजतो तेव्हा त्याची सगळ्यात वरची तार थेट तुमच्या तार षड्जावर वाजत असते. म्हणजे तुम्ही अंतरा उचलून वर जाता आणि तिथं आधीच एक तार छनछनत बसलेली असते, तुम्हाला जोर लावावा लागतो, तुम्हाला वाटतं गळा कमी पडतोय. बॅरिटोनवर पहिल्या फ्रेटला कॅपो आणि सी चा आकार धरला की काळी चार मिळते, खालचा सा तोच मिळतो, सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला बोट नेलं तर त्याच्याखालचा पंचम पण मिळतो, आणि सगळ्यात वरची खुली तार वाजते ती तुमच्या मध्य सप्तकातल्या गंधारावर. त्याच्या वरची सगळी जागा तुमची. गाऊन बघा, पहिल्यांदा थोडं उघडं उघडं वाटेल, कुणी आधाराला नाही असं वाटेल, दोन दिवसांनी तीच जागा आवडायला लागेल.

त्याला हे पण सांगा, कारण इंटरनेटवर पाश्चात्त्य सुरांची नावं घेऊन सांगणारे खूप आहेत पण काळी पांढरीत कुणी सांगत नाही. बी वर लावलेल्या बॅरिटोनवर कॅपो कधीच दुसऱ्या फ्रेटच्या पुढं न्यावा लागत नाही आणि पाचही काळ्या पट्ट्या सोप्या आकारांत येतात. काळी एकला दुसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि ई चा आकार, पुरुष गायकांसाठी हे सगळ्यात भरदार. काळी दोनला पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि जी चा आकार. काळी तीनला दुसऱ्यावर कॅपो, ए चा आकार. काळी चारचं वर सांगितलंच. काळी पाचला पहिल्यावर कॅपो आणि डी चा आकार. हे कागदावर लिहून केसमध्ये चिकटवून ठेवलं तर ऐनवेळी गायक बदलला तरी घाम फुटत नाही. आणि कॅपो अगदी फ्रेटला चिकटून मागं बसवायचा, जाड तारेला स्प्रिंग कमी पडली तर सहावी तार खरखरते. बॅरिटोन घेताना स्वतःचा कॅपो दुकानात घेऊन जा आणि लावून बघा.

प्रश्न : घरात काकांची जुनी इलेक्ट्रिक गिटार पडून आहे. नवीन बॅरिटोन परवडत नाही. आहे त्या तारा बी पर्यंत उतरवून बघितल्या तर लोंबत्यात आणि फ्रेटवर आपटून नुसता फडफड आवाज येतोय. जाड तारा घातल्या तर जमेल का? नाक्यावरचा एकजण म्हणतो गिटारची मान, म्हणजे दांडा, मोडेल. (एक विद्यार्थी, निपाणी)

उत्तर : तारा लोंबणारच. तार तीच आणि लांबी तीच ठेवून तू सूर पाऊण पटीवर आणलास की ताण निम्म्याच्या जवळ येतो, नेमकं म्हणजे ५६ टक्के. उरलेला ताण परत आणायचे दोनच रस्ते, तार लांब कर नाहीतर जाड कर. कारखान्यात बॅरिटोन बनवताना दोन्ही करतात. तुझ्या हातात जाडीच आहे, तर जाडीच कर. १३ पासून ६२ पर्यंतचा जो सेट मिळतो (आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) तो घाल, ६२ ची तार बी वर आली की ताण जवळपास नेहमीच्या ४६ च्या तारेला ई वर असतो तितकाच होतो. म्हणजे बी वरच ठेवलंस तर मान मोडायची काही भीती नाही. पण त्याच जाड तारा ओढून ई वर नेल्यास तर नाक्यावरच्याचं खरं होईल, ताण पावणेदोन पटीच्या वर जातो. घरात कुणी ‘बेसूर आहे’ म्हणून पिळायला लागलं तर हात धर. ॲकूस्टिकवर तर हे अजिबात नको, तिथं ब्रिज उचकटतो.

आता खरी अडचण नटची. नटमधली खाच ४६ च्या तारेसाठी कापलेली असते, ६२ ची तार तिच्यात बसत नाही, वर तरंगते, आणि मग पहिल्या दोन फ्रेटवरचे सूर चढे वाजतात. खाच रुंद करावी लागते. मी माझ्या पहिल्या गिटारला हे घरी करायला गेलो, पातळ कानस घेऊन, रात्री, घाईत. खाच एक केसभर जास्त खोल गेली आणि खुली तार पहिल्या फ्रेटला लागून झणझणायला लागली, दुसरा नट मागवून बसवेपर्यंत तीन आठवडे गिटार भिंतीला उभी. म्हणून सांगतो, आधी एक जादा नट आणून ठेव आणि मग कानस हातात घे. चारदा घास, तार बसवून बघ, परत चारदा घास. काढून टाकलेलं प्लास्टिक परत चिकटत नाही. उद्यमबागमध्ये मशीनशॉपवर कुणी ओळखीचं असेल तर सुईसारख्या बारीक गोल कानशी तिथं बघायला मिळतील, तारेच्या जाडीची गोल कानस असली की खाच तळाशी गोल होते आणि तार नीट बसते.

नट झाला की ब्रिजवरचे सॅडल (प्रत्येक तार ज्यावर टेकते ते छोटे तुकडे) मागं सरकवायचे. बारावा फ्रेट दाबून वाजव, मग त्याच जागी नुसतं बोट टेकवून हार्मोनिक वाजव. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागं, उतरा असेल तर पुढं. जाड तारेचं सॅडल बरंच मागं जातं, कधी कधी स्क्रूच संपतो, तेव्हा आतली छोटी स्प्रिंग काढून टाकली की थोडी जागा मिळते. दांड्यातला ट्रस रॉड (दांड्याचा बाक सांभाळणारी आतली सळई) फिरवायची वेळ आली तर एका वेळी पाव फेरा, मग रात्रभर तसाच ठेवून सकाळी बघायचं. काकांच्या गिटारचं स्केल २५.५ असेल तर हे सगळं छान जमतं, २४.७५ असेल तर खालची तार थोडी ढिली आणि आवाज थोडा बोथट राहील, पण तुला हे वाद्य आवडतंय का नाही एवढं कळायला तेवढं पुष्कळ आहे. सहा महिने वाजव. मग पैसे जमव.

प्रश्न : मोबाईलवरचा ट्यूनर खालची तार पकडतच नाही, आकडे नाचतात. (एक वाचक, शहापूर)

उत्तर : मोबाईलचा छोटा माईक इतका खालचा सूर नीट ऐकत नाही. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा, एक सप्तक वर येईल, ट्यूनर लगेच थांबेल. नाहीतर हेडस्टॉकला चिमटा लावायचा ट्यूनर घ्या, पण त्याला पण हार्मोनिकच द्या. आणि जाड तार नेहमी खालून वर चढवत सुरात आणायची, वरून उतरवत आणली की दोन मिनिटांनी परत उतरते.

प्रश्न : तारा कुठं मिळतील? (एक वाचक, चंदगड रोड)

उत्तर : आपल्या इथल्या दुकानात बॅरिटोनचा सेट बहुतेक ठेवलेला नसतो, आधी फोन करून विचारा नाहीतर ऑनलाईन मागवा. दोन सेट मागवा, आणि गणपतीच्या महिनाभर आधी मागवा. आपल्याकडच्या पावसात, विशेष करून खानापूरच्या बाजूला, तारा पंधरा दिवसांत गंजायला लागतात, वाजवून झालं की सुक्या सुती फडक्यानं खालून वरून दोन्हीकडनं पुसायच्या.

प्रश्न : खोलीत प्रॅक्टिसला आमची बॅरिटोन अशी वाजते की अंगावर काटा येतो, आणि मंडपात गेलं की नुसतं गुंगुंगुं. शिवाय स्पीकरमधून सतत एक हूं आवाज येत असतो, तो गिटारच्या तारेसारखाच वाटतो आणि सूर लावायला पण त्रास होतो. साऊंडवाला म्हणतो तुमच्या गिटारचाच प्रॉब्लेम. (एक बँड, अनगोळ)

उत्तर : हे माझ्याबरोबर अगदी असंच झालंय, आणि ते पण गणपतीच्या मंडपात. शहापुरात एका मित्राच्या वरच्या खोलीत आम्ही महिनाभर बसवलं होतं, गादी, पडदे, कपाटं असलेली खोली, बॅरिटोन तिथं मधासारखी वाजायची. मंडपात पहिलं गाणं सुरू झालं आणि मागच्या रांगेतली माणसं कानावर हात ठेवून बघायला लागली. गायिकेला स्वतःचा आवाज ऐकू येईना. मी घाबरून अजून जोरात वाजवायला लागलो. मध्यंतरात तबल्याला बसलेले काका, सत्तरीच्या पुढचे, माझ्याजवळ आले आणि डग्ग्यावर हात ठेवून म्हणाले, ‘हा आणि तुझी खालची तार एकाच खुर्चीवर बसायला बघतायत, एकाला उठव.’ मग डग्ग्यावर त्यांनी एक घुमारा काढला आणि मला तार वाजवायला सांगितली, आणि खरंच, दोन्ही एकत्र वाजले की दोन्ही नाहीसे होऊन नुसती हवा हलायची. त्यानंतरच्या भागात मी एवढंच केलं, उजव्या तळव्याची कड ब्रिजजवळ तारांवर टेकवली म्हणजे सूर लगेच मिटतो, गिटारच्या चॅनलचा बेस बराच कमी केला, मिड थोडा वाढवला, आणि जिथं काका घुमारा काढतात तिथं मी खालची तार सोडून दिली. मागच्या रांगेतले हात खाली आले.

तर करा असं. एक, ॲम्प फळ्यांच्या स्टेजवर ठेवू नका, फळ्या ढोलासारख्या घुमतात, खुर्चीवर किंवा विटांवर ठेवा. छोटा ॲम्प असेल तरी घाबरू नका, आठ इंची स्पीकर ६० हर्ट्झ काही नीट देत नाही पण वरचे अंशसूर (त्याच सुरात मिसळलेले दुप्पट, तिप्पट उंचीचे बारीक सूर) तो देतो आणि कान खालचा सूर स्वतःच भरून घेतो, उलट मंडपात छोटा ॲम्पच जास्त स्वच्छ ऐकू येतो असा माझा अनुभव आहे. मिक्सरवर लो कट (खालचे सूर कापणारं बटण) असेल तर गिटारच्या चॅनलला तो लावायला सांगा. तारांचा आवाज पकडणारे जे पिकअप असतात त्यातल्या दांड्याजवळच्या नेक पिकअपवरून ब्रिजच्या पिकअपवर या.

आणि तो हूं आवाज. आपली लाईट ५० हर्ट्झची, त्यामुळं हूं पण ५० आणि १०० वर येतो. साध्या गिटारच्या खालच्या तारेपासून ५० तसा लांब आहे, तुमची बी मात्र ६२ वर, ए वर लावली असेल तर ५५ वर, म्हणजे अगदी शेजारी. म्हणून तो तुम्हाला बेसूर तारेसारखा वाटतो आणि सूर लावताना कान फसतो. हूं मधला काही भाग सिंगल कॉइल पिकअपचा असतो, हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) असेल तर तो बराच जातो, सिंगल कॉइल असेल तर गिटार हातात धरून थोडं फिरून बघा, एका दिशेला तो कमी होतो. उरलेला बहुतेक वेळा अर्थिंगचा. तुमचा ॲम्प आणि साऊंडवाल्याचा मिक्सर एकाच बोर्डवरून लाईट घेतील असं बघा. पण एक हात जोडून सांगतो, हूं घालवायला म्हणून कुणी प्लगची अर्थची पिन काढायला सांगितलं तर ऐकू नका. मंडप ओला, पाय ओले, हातात धातूच्या तारा आणि ओठांजवळ माईक, तिथं अर्थ नसली तर झटका बसतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. हूं ऐकू आला तरी चालेल, पिन राहू दे.

प्रश्न : दादा, मी पाच वर्षं बेस वाजवूलोय. आमच्या चौघांच्या बँडमध्ये गिटारवाल्या मित्रानं मागच्या महिन्यात बॅरिटोन आणली. सगळ्यांना आवडली. आता तो म्हणतोय तू दुसरी गिटार घे, बेसचं मी बघतो. मी काही बोललो नाही पण घरी येऊन फार वाईट वाटलं. खरंच आता बेस लागत नाही का? (एक बेसवाला, चिकोडी)

उत्तर : लागतो, आणि तू गप्प बसलास हे मला बरोबर वाटत नाही. वर खानापूरच्या वाचकाला मी बॅरिटोन घे म्हटलं ते त्याच्याकडं बेसवालाच नाही म्हणून. तुमच्याकडं पाच वर्षं वाजवणारा माणूस आहे, त्याच्या हातातून बेस काढून घेऊन बॅरिटोनला ते काम देणं म्हणजे घरातला खांब काढून तिथं कपाट ठेवण्यासारखं आहे. बी च्या खाली तुझ्याकडं जे आहे ते त्या गिटारमध्ये नाही. अंगठ्यानं वाजवलेला सा आणि बेसच्या जाड तारेचा सा, दोन्हीचं वजन वेगळं, आणि मित्र वरच्या तारांवर काहीतरी करायला गेला की खालचं त्याच्या हातून सुटणारच.

उलट दोन्ही एकत्र असतील तर जे करता येतं ते बाकी कुणाला करता येत नाही. अमेरिकेत नॅशव्हिलच्या स्टुडिओत १९५० आणि ६० च्या दशकांत ही एक पद्धतच होती, उभा मोठा बेस जी ओळ वाजवतो तीच ओळ सहा तारांच्या बेसवर किंवा बॅरिटोनवर पिकनं, तळव्यानं तारा दाबून, टिक टिक अशी वाजवायची. बेसचं वजन आणि पिकची टोकदार सुरुवात एकमेकांत मिसळून एकच सूर झाल्यासारखं ऐकू यायचं. त्याला टिक टॅक बेस असंच म्हणायचे. तुम्ही दोघं हे उद्याच करून बघू शकता, चार सुरांची एक ओळ घ्या, तू बोटांनी वाजव, त्याला म्हण तळवा ब्रिजवर ठेवून पिकनं माझ्याबरोबर वाजव, ना पुढं ना मागं. पहिल्या दहा मिनिटांत जुळणार नाही. जुळलं की दोघांच्या पण चेहऱ्यावर कळेल.

दुसरं, बॅरिटोनचं खरं सौंदर्य खालच्या तारांवर चाल वाजवण्यात आहे. अमेरिकन गिटारवादक ड्वेन एडीनं खालच्या तारांवर चाल वाजवूनच नाव केलं, डॅनइलेक्ट्रोची सहा तारांची बेस पण त्यानं त्यासाठी वापरली. तुझ्या मित्राला कडव्यांच्या मधलं म्युझिक खालच्या तारांवर वाजवू दे, अगदी सावकाश, एकेक सूर, आणि तेव्हा तू खाली सा धरून थांब. त्याला बेसवाला म्हणून जी ओळ वाजवायची आहे त्यापेक्षा हे कितीतरी जास्त मिळेल, आणि हे करायला त्याला तू लागशीलच. फक्त एक खात्री करून घे की त्यानं आणलेली खरंच बॅरिटोन आहे. फेंडरची १९६१ ची बेस सिक्स दिसायला तशीच असते, सहा तारा, ३० इंची स्केल, पण ती साध्या गिटारपेक्षा पूर्ण सप्तक खाली, म्हणजे तुझ्या बेसच्याच सुरात लागते. तसली असेल तर तुम्ही दोघं खरंच एकाच जागेवर आहात, मग त्याला कॅपो लावून वर वाजवायला सांग.

पुढच्या प्रॅक्टिसला एक गाणं तीन वेळा वाजवा. एकदा नुसता तुझा बेस आणि साधी गिटार, एकदा नुसती बॅरिटोन, आणि एकदा टिक टॅक करून दोन्ही. मोबाईल तुमच्यासमोर ठेवू नका, शेजारच्या खोलीत ठेवून रेकॉर्ड करा आणि दार अर्धं उघडं ठेवा, म्हणजे लांब बसलेल्या माणसाला कसं ऐकू येतं ते कळेल. मग चौघांनी एकत्र बसून, कुठलं कुठलं ते न सांगता, ऐका. गायकाला आधी बोलू दे. आणि ऐकून झाल्यावर मला परत लिही, तिसरं रेकॉर्डिंग मला पण ऐकायचंय.